गादीवाफ्याला दर जुलैत पोट सुटतं? माल बदलण्याआधी पाण्याची वाट बघा

गादीवाफा, म्हणजे बाजूंना आडोसा देऊन जमिनीवर उचललेला मातीचा वाफा, मृगाच्या सरी छान झेलतो. आर्द्राही निभावतो. मग जुलैत सलग पाच-सहा दिवस झड लागते आणि एका सकाळी वाफ्याची लांब बाजू बाहेर फुगलेली दिसते. दोन दिवसांत एक कोपरा उघडतो आणि लाल चिखलाबरोबर भेंडीची रोपं अंगणात येऊन पडतात. दिवाळीनंतर आपण दुसरा, थोडा महाग माल आणून वाफा नव्यानं बांधतो आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच होतं.

माझ्याकडे हे सलग तीन वर्षं झालं. आमचं घर दापोली तालुक्यात, कौलारू, आणि मागच्या परसात जेमतेम वीतभर मातीखाली कातळ. पावसाळ्यात भाजी घ्यायची तर मुळं पाण्यात कुजू नयेत म्हणून वाफा उचलून घ्यावाच लागतो. पहिल्या वर्षी आंब्याच्या रिकाम्या पेट्या सोडवून त्यांच्या फळ्यांचा वाफा केला. तो फुटला तेव्हा वाटलं, फळ्या पातळ होत्या. दुसऱ्या वर्षी भंगारवाल्याकडून जाड पॅलेट, म्हणजे मालाखाली ठेवायच्या लाकडी चौकटी, आणली आणि लाकूड टिकावं म्हणून आतून ताडपत्री लावली. तो पहिल्यापेक्षा आठ दिवस आधी फुटला. तिसऱ्या वर्षी पाडलेल्या न्हाणीघराच्या विटा एकावर एक उभ्या रचल्या. त्या फुगल्यासुद्धा नाहीत, सरळ आडव्या झाल्या. तिन्ही वेळा माल वेगळा होता, पण जागा तीच आणि महिना तोच. हे लक्षात यायला मला तीन पावसाळे लागले.

शेजारच्या काकांनी उभं आयुष्य गडगे, म्हणजे नुसत्या दगडांवर दगड रचलेल्या भिंती, घातले आहेत. त्यांनी पडलेल्या विटांकडे पाहिलंही नाही. ते वाफ्याच्या वरच्या अंगाला उभे राहिले, पायानं माती दाबली आणि म्हणाले, "वैनी, ह्यातलं पाणी जातं कुठं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण पाणी कुठं जावं याचा विचार मी केलाच नव्हता.

वाफा फुटतो कशानं

८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि १ फूट उंच वाफ्यात ३२ घनफूट माती बसते. भिजल्यावर तिचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. हे वजन फक्त खाली बसत नाही, बाजूंनाही रेटतं. माती नुसती ओलसर असेल तर हा रेटा बेताचा असतो, कारण मातीचे कण एकमेकांना धरून असतात. पण त्याच मातीत पाणी काठोकाठ तुंबलं की पाण्याचा स्वतःचा दाब त्यात मिळतो आणि बाजूवरचा एकूण रेटा साधारण दुप्पट होतो. जूनमध्ये उभा असलेला वाफा जुलैत फुटतो तो याच कारणानं.

दुसरी गोष्ट उंचीची. वाफा १ फुटाऐवजी २ फूट केला तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. खुंटांना मुळाशी उलथवू पाहणारा जोर तर आठपट होतो. त्यामुळे कंबर वाकवायला नको म्हणून उंच वाफा करणाऱ्यांनी तो फुकटच्या मालात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भाजीला १० ते १२ इंच पुरतात. कोकणातल्या पावसात त्याहून जास्त उंची म्हणजे विकतचं दुखणं.

माझ्या जागेत आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे खाली कातळ. वाफ्यातलं पाणी खाली मुरत नव्हतंच, उलट वरच्या अंगाचं पाणी कातळावरून वाहत वाफ्यात शिरत होतं. आणि वाफ्याची एक लांब बाजू बरोबर पागोळ्यांखाली होती. अर्ध्या छपराचं पाणी एका रेघेत त्या बाजूवर पडत होतं. त्यात मी आतून ताडपत्री लावली, म्हणजे फटींतून झिरपून जाणारं थोडंफार पाणीही अडवलं. लाकूड वाचवायच्या नादात मी वाफ्याची टाकी करून ठेवली होती.

देशावर काळ्या मातीत वाफे करणाऱ्यांचा त्रास थोडा वेगळा असतो. काळी माती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिथे पाणी नीट निघालं तरी मातीच बाजूंना ढकलते. वाफ्यात निव्वळ काळी माती भरू नका. कुजलेला पालापाचोळा, शेणखत आणि जाड वाळू किंवा मुरूम मिसळला की हे फुगणं बरंच कमी होतं.

फुटण्याआधी वाफा काय सांगतो

झड चालू असताना, पाऊस जरा उघडला की बाहेर जाऊन बघा. घरात बसून कारण कळत नाही.

एक सळई वाफ्याच्या मध्यभागी तळापर्यंत खुपसा, गोल फिरवून बाहेर काढा आणि पाऊण तास थांबा. त्या भोकात पाणी कुठपर्यंत चढलं ते पाहा. तळाशी बोटभर असेल तर काळजी नाही. अर्ध्या उंचीच्या वर पाणी उभं असेल तर बाजूचा माल कितीही भारी असो, तो धोक्यात आहे.

मग फुगवटा कुठे आहे ते पाहा. लांबीच्या बरोबर मध्यावर पोट आलं असेल आणि कोपरे घट्ट असतील तर समोरासमोरच्या बाजूंना बांधणारा ताण नाही. संपूर्ण बाजू सरळच्या सरळ बाहेर कलली असेल तर खुंट उथळ ठोकलेत. खालची ओळच बाहेर सरकली आणि वरची जागेवर असेल तर पाया जमिनीत घेतलेला नाही, रचणी नुसती पृष्ठभागावर ठेवलेली आहे. माझ्या विटांचं हेच झालं. कोपरे आधी उघडत असतील तर दोन बाजूंचे तुकडे तिथे एकमेकांत अडकवलेले नाहीत, फक्त टेकवलेत. आणि पोट नाही पण एका फटीतून गढूळ पाण्याची धार लागली आहे, तर आनंद माना. वाफ्यानं स्वतःहून वाट शोधली आहे. ती बुजवू नका, फक्त माती अडेल अशी करा.

फटीतून गढूळ पाणी आलं की बहुतेक जण घाईनं सिमेंटचा गिलावा थापतात. मीही एकदा थापला होता. दुसऱ्या दिवशी वाफा दुसरीकडून फुटला.

भर पावसात पोट आलंच तर

फुगलेली बाजू आत ढकलायला जाऊ नका. ओल्या मातीसमोर माणसाचा जोर पुरत नाही आणि तुकडे मोडतात. आधी पाणी काढा. वाफ्याच्या सगळ्यात खालच्या अंगाला, अगदी तळाशी, पहारीनं दोन-तीन ठिकाणी वाट पाडा. पहिली दहा मिनिटं लाल चिखल येईल, मग पाणी निवळत जाईल. भोकाच्या तोंडाशी आतून नारळाचं सोडणं, म्हणजे वरची काथ्याची साल, दाबून बसवा. पाणी निघेल, माती थांबेल. वरच्या अंगाला वाफ्यापासून फूटभर लांब एक चर खणून येणारं पाणी दोन्ही बाजूंना वळवा. वाफ्यावर पेंढा किंवा माडाच्या झापांचा जाड थर पसरा म्हणजे नवा पाऊस थोडा कमी मुरेल. फुगलेल्या जागी बाहेरून फळी लावून तिला दोन तिरके टेकू द्या. एवढ्यानं माझा एक वाफा नवरात्रापर्यंत तगला आणि त्यातली काकडी आम्ही खाल्ली. कायमची दुरुस्ती पाऊस सरल्यावरच करा.

पाऊस सरल्यावरची बांधणी

वाफा पागोळ्यांच्या रेघेपासून निदान २ फूट लांब घ्या, नाहीतर छपराला पन्हळ लावा. रुंदी ४ फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो आणि मातीवर पाय पडत नाही. तळाला काहीही अंथरू नका. खालची जमीन कुदळीनं जितकी सैल होईल तितकी करा. कातळ लागला तर वाफ्याची लांबी उताराच्या दिशेनं ठेवा, उताराला आडवी नको. मी आडवी ठेवली होती, म्हणजे पाण्यासाठी धरणच बांधलं होतं.

तळाशी खडीचा थर देण्याचा सल्ला खूप जण देतात. पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल तर त्या खडीनं काहीच साधत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच साठून राहतं आणि मुळांची जागा मात्र चार इंचांनी कमी होते. खडी हवी तर ती आडव्या भोकांच्या तोंडाशी मूठमूठभर घाला.

ही भोकं म्हणजे सगळ्या दुरुस्तीचा जीव. वायरिंगच्या जुन्या पाइपचे फूटभर लांबीचे तुकडे मिळतात, इंचभर जाडीचे. ते खालच्या ओळीत दर ३ फुटांवर, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते बसवा. आतल्या तोंडाला काथ्या गुंडाळा. उताराच्या अंगाला एक-दोन जास्त ठेवा.

समोरासमोरच्या लांब बाजूंना ताण द्या. खुंट ठोकणार असाल तर जितके जमिनीवर तितकेच जमिनीत हवेत. कातळात हे शक्य नसतं, म्हणून तिथे ताणाशिवाय पर्याय नाही. जस्ताचा मुलामा असलेली जाड लोखंडी तार समोरच्या दोन खुंटांच्या माथ्यांना दुहेरी बांधायची आणि मध्ये काठी घालून पीळ देत आवळायची. ८ फुटांच्या वाफ्याला असे दोन ताण पुरतात. तार वरच दिसेल अशी ठेवा, म्हणजे खुरपणी करताना हाताला लागत नाही.

मग माल कोणता?

आता मालाकडे येते. पाणी आणि उंची सांभाळली की फुकटचा मालही वर्षानुवर्षं टिकतो.

माझी पहिली पसंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांच्या, तुकड्यांना. चिरेखाणीवर कोपरे उडालेले, अर्धे मोडलेले चिरे बाजूला टाकलेले असतात. खाणवाल्याला विचारलं तर बऱ्याचदा गाडीभाड्यात येतात. त्यांचा वाफा काकांनी दाखवल्याप्रमाणे गडग्यासारखा रचायचा, चुना नाही आणि सिमेंटही नाही. खालची ओळ चार बोटं जमिनीत किंवा कातळावर माती खरवडून बसवलेली, सगळ्यात मोठे तुकडे खाली, वरचा चिरा नेहमी खालच्या दोन चिऱ्यांचा सांधा झाकणारा, आणि संपूर्ण रचणी वाफ्याच्या आत किंचित झुकलेली. हलणाऱ्या चिऱ्याखाली कपची ठोकायची. कोपऱ्यावर एका ओळीत एका बाजूचा चिरा पुढे काढायचा, पुढच्या ओळीत दुसऱ्या बाजूचा. अशा रचणीतून पाणी सगळीकडून झिरपतं, त्यामुळे तिला पाइपही लागत नाहीत आणि ताणही नाही. कोकणातले गडगे सिमेंटाशिवाय पिढ्यान् पिढ्या उभे आहेत ते याच रीतीनं. आतल्या फटींना सोडणं आणि सुकलेलं गवत भरलं की माती वाहत नाही. पुढे त्या फटींत नेचे आणि शेवाळ येतं, ते काढू नका, तेही माती धरून ठेवतं.

मंगलोरी कौलांचाही वाफा चांगला होतो आणि घरं स्लॅबची किंवा पत्र्याची होत असल्यामुळे कौलं गावोगाव पडून आहेत. बासेल मिशननं मंगळुरात १८६५ साली कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर आहेत, आणि पावसात टिकण्यासाठीच ती घडवली आहेत. कौल उभं करून ६ इंच जमिनीत पुरायचं, शेजारच्या कौलाच्या खाचेत खाच अडकवायची. वर ९-१० इंच उरतात. आडव्या रेट्याला मात्र कौल ठिसूळ असतं, म्हणून बाहेरून मातीचा तिरका भराव द्या आणि त्यावर हळद किंवा गवती चहा लावा. ८ बाय ४ च्या वाफ्याला पस्तीसेक कौलं लागतात. कातळावर पुरायला माती नसेल तर कौलांच्या नादी लागू नका.

शहरात राहत असाल तर कडाप्प्यावर नजर ठेवा. स्वयंपाकघर नव्यानं करताना जुना ओटा निघतो आणि ग्रॅनाइट बसतं. तो कडाप्पा इमारतीखाली दोन दिवस पडलेला असतो. शहाबादी फरशीचंही तसंच. तिसरा भाग जमिनीत गाडून उभी लावली की फरशी कुजत नाही आणि वाळवीही लागत नाही. फक्त दोन फरश्यांमध्ये बोटभर फट ठेवा आणि आतून सोडणं लावा.

गोठ्याचे जुने नालीदार पत्रे वापरणारे एक चूक हमखास करतात. पत्रा नाळीच्या दिशेनं ताठ असतो, आडव्या दिशेनं सहज वळतो. खुंटांच्या मध्ये लावताना नाळी आडव्या, जमिनीला समांतर ठेवल्या तर पोट येत नाही. उभ्या ठेवल्या तर पत्रा पहिल्याच पावसात धनुष्यासारखा वाकतो. वरची धार हाताला कापू नये म्हणून तिच्यावर चिरलेला जुना रबरी पाइप बसवा.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या भागात माड आणि पोफळी आडव्या झाल्या. त्या सोटांचं काय करायचं हा प्रश्न घरोघरी होता. माडाच्या बुंध्याकडचा भाग बाहेरून कठीण असतो. तो आडवा ठेवून दोन्ही बाजूंनी टेकू दिला तर त्याच्या वजनावरच वाफा धरला जातो. शेंड्याकडचा भाग आणि चिरलेली पोफळ मात्र ओल्या मातीत फार टिकत नाही. वर्ष-दोन वर्षांचा हिशेब धरूनच वापरा.

पॅलेटही तात्पुरतीच. घ्यायचीच असेल तर तिच्यावर गव्हाच्या ओंबीसारख्या चिन्हाचा शिक्का शोधा. त्यात इंग्रजीत एचटी ही अक्षरं असतील तर लाकूड फक्त तापवून कीडमुक्त केलेलं आहे. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ती भाजीजवळ आणू नका. शिक्काच नसेल किंवा लाकडावर तेलाचे, रसायनाचे डाग असतील तर तीही सोडा. आंब्याच्या पेट्या वाफ्याला नकोतच, रोपं तयार करायला त्या उत्तम.

निळे ड्रम उभे चिरून दोन लांब कुंड्या होतात, तळाला भरपूर भोकं पाडली की चालतात. पण आधी त्यात काय होतं हे विकणाऱ्यानं नक्की सांगितलं पाहिजे. खाद्यपदार्थाचा ड्रम असेल तर घ्या, नाहीतर फुकट मिळाला तरी घेऊ नका. सिमेंटच्या गोण्या उन्हात वर्षभरात चुरतात आणि त्यांचे प्लास्टिकचे तंतू मातीत मिसळतात, ते वेचून संपत नाहीत.

आता जे कधीच वापरायचं नाही ते. वादळात सिमेंटचे जुने पत्रेही खूप फुटले आणि त्यांचे तुकडे अजून परसांत दिसतात. त्यात अॅस्बेस्टॉस असतं. तुकडा मोडताना, कापताना, घासताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात आणि श्वासावाटे फुप्फुसात बसतात. त्यांनी कर्करोग होतो. कृपा करून त्यांचा वाफा करू नका, मुलांना हात लावू देऊ नका. जुन्या वाड्यांची रंगवलेली दारं-खिडक्याही नकोत. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं किती असेल याचा भरवसा नाही, आणि रंगाचे पोपडे थेट मातीत पडतात. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोट या डांबरी, विषारी तेलात मुरवलेले असतात, तेही भाजीजवळ नकोत. टायर मी फक्त फुलझाडांना वापरते.

गच्चीवर करत असाल तर

तिथे फुटण्यापेक्षा वजनाची चिंता मोठी. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. फूटभर भिजलेली माती चौरस मीटरला ५०० किलोंच्या वर जाते. म्हणून चिरे, फरशी, माती हे सगळं जमिनीसाठी. गच्चीवर कोकोपीट, पालापाचोळा आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण, थर ५-६ इंचांचा, तोही भिंती आणि तुळयांच्या जवळ. त्याआधी इमारतीच्या इंजिनीअरला एकदा विचाराच.

माती दर वर्षी खाली का बसते

हा दोष नाही. पालापाचोळा कुजला की थर निम्म्यावर येतो. नवा वाफा काठापर्यंत नको, काठाच्या वर घुमट येईल इतका भरा, आणि दिवाळीनंतर भरा. मेअखेरीस घाईनं भरलेली सैल माती जूनमध्ये पाणी पिऊन एकदम बसते आणि बाजूंना ओढून-ढकलून सांधे हलवते. दर चार इंचांना पाणी शिंपडत भरलं की हे टळतं. पुढे दर वर्षी वरून कुजलेलं खत द्यायचं, सुका पाला किंवा लाकडाचा भुसा मातीत कालवायचा नाही. तो कुजताना पिकाच्या वाटचं नत्र खातो आणि पानं पिवळी पडतात.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन परसात जाते आणि प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी बोट धरून पाहते. पाणी येत असेल तर पुढचा पाइप. एखादा कोरडा असला तर सायकलची जुनी तार आत घालून काथ्या सैल करते. सगळे वाहू लागले की घरात येते.